पहिलीच्या पटासाठी दारोदार

प्राथमिक शिक्षकांना मे महिन्यात सुट्टी असते, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा लालबाग-परळ-नायगावच्या चाळींतून भर दुपारी फिरून बघावं. हातात रजिस्टर, पर्समध्ये पाण्याची बाटली, घामाने चिंब झालेल्या दोघी-दोघींच्या जोड्या जिने चढताना दिसतील. पोलिओचा डोस पाजणाऱ्या नव्हेत किंवा मीटर बघणाऱ्याही नव्हेत. आम्ही मराठी शाळेतल्या बाई, पहिलीला मुलं शोधत असतो.

ही वेळ का येते, ते आधी सांगते. आमची शाळा अनुदानित. पगार अनुदानातून येतो आणि शिक्षकांची पदं ठरतात पटावर, म्हणजे शाळेत नाव असलेल्या मुलांच्या संख्येवर. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीत मिळून 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, 61 ते 90 ला तीन, 91 ते 120 ला चार. 30 सप्टेंबरला जो पट असेल, त्यावर संच मान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक ते सरकारकडून ठरतं. पट घसरला की कुणीतरी ‘अतिरिक्त’ ठरतं आणि समायोजन होईल तिथे, म्हणजे ज्या दुसऱ्या शाळेत जागा दिली जाईल तिथे जातं. मी लागले तेव्हा पहिलीच्या अ, ब, क अशा तीन तुकड्या होत्या. आधी क गेली, मग ब गेली. आता वर्गाच्या दारावर ‘पहिली अ’ लिहिलेलं आहे, पण ते वाचून ब कुठे आहे असं कुणी विचारत नाही.

2025 च्या उन्हाळ्यात मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, शिस्तीत ठरवलं. नुसतं ‘आपली शाळा चांगली आहे’ असं सांगत फिरायचं नाही. अंगणवाडी ताईंकडून दाखलपात्र मुलांची यादी घ्यायची, चाळीप्रमाणे विभाग वाटून घ्यायचे आणि जे पालक नाही म्हणतील त्यांच्याकडून कारण काढून घ्यायचं, ते रजिस्टरच्या शेवटच्या रकान्यात लिहायचं. तो रकाना आम्हाला फार कामाला आला. कारण स्टाफरूममध्ये बसून आमचं ठाम मत होतं की लोकांना इंग्रजीचं वेड लागलंय, संपला विषय. रकान्यात ‘इंग्रजी हवं’ हे आलंच, पण एकटं क्वचित आलं.

एका चाळीतला दुसरा मजला मला चांगला आठवतो. गॅलरीत चार बायका पापड वाळत घालत होत्या. त्यांच्यातल्या एकीचा मुलगा यादीत होता, वय पूर्ण सहा. मी विचारलं, तर ती म्हणाली, “बाई, हा आता सीनियर केजी संपवून फर्स्टला गेला. तीन वर्षं झाली त्याला तिकडे.” किती खर्च येतो म्हटल्यावर तिने डब्याखालून एक छोटी डायरी काढली. शाळेची फी, व्हॅनचे महिन्याचे पैसे, ट्यूशनचे, स्नेहसंमेलनाच्या ड्रेसचे, सगळं तारीखवार. बेरीज बघून तिचं तिलाच हसू आलं. “कळतंय हो सगळं. पण या गॅलरीतली चारही पोरं एकाच व्हॅनमधून जातात. एकीने खाली सोडायचं, दुसरीने आणायचं. मी दुपारी दोन घरची पोळीभाजी करते. माझा एकटा तुमच्याकडे आला तर त्याला आणायला कोण जाणार?”

शेजारची म्हणाली, “आणि ट्यूशनवाली टीचर मराठी मीडियमची मुलं घेतच नाही.”

या दोन वाक्यांवर शिक्षण विभागाने परिपत्रक काढावं, इतकी ती मोलाची आहेत. माध्यम कोणतं, यावर घराघरांत चर्चासत्र भरत नाही. गॅलरीतली पोरं जिथे जातात तिथे आपलं जातं. व्हॅन कुठल्या गेटपाशी थांबते, आईच्या कामाच्या वेळा काय, मोठं भावंड कुठे आहे, यावर बरंचसं ठरतं. आणि ते ठरतं मूल तीन वर्षांचं असताना. आम्ही दार वाजवतो ते सहाव्या वर्षी.

इथे आमचा खरा अडसर आहे. शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वर्षांसाठी. बालवाडीला अनुदान नाही, म्हणून आमच्यासारख्या कित्येक संस्थांनी ती कधी चालवलीच नाही, किंवा परवडत नाही म्हणून बंद केली. विनाअनुदानित इंग्रजी शाळा मात्र नर्सरीपासूनच मूल घेते. एकदा गणवेश शिवला, मुलाला मित्र मिळाले, ‘टीचर’ची सवय झाली की पहिलीला शाळा कोण बदलतो? 2020 च्या नव्या शैक्षणिक धोरणात 3 ते 8 हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे. कागदावर छान आहे. त्यातल्या पहिल्या तीन वर्षांचे पैसे कोण देणार, हे आमच्या संस्थेच्या खजिनदारांना कुणी समजावून सांगितलं तर बरं होईल.

पालकांचा एक प्रश्न मात्र सगळ्यांची परीक्षा घेणारा होता: “बाई, तुमची स्वतःची मुलं कुठे शिकली?” माझी मुलगी मराठी शाळेतच शिकली, त्यामुळे मी ताठ मानेने सांगू शकत होते. दोन सहकारी बाईंची मुलं इंग्रजी माध्यमात. त्या प्रश्नाला त्यांची जी तारांबळ उडायची! मोठ्या बाईंनी दुसऱ्या दिवशी गुपचूप जोड्या बदलल्या, प्रत्येक जोडीत उत्तर देऊ शकेल अशी एक तरी. पालकांनी हे विचारू नये असं मला वाटत नाही. मीही विचारलं असतं.

काही गैरसमज तिथल्या तिथे फिटायचे. राज्यात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी विषय आहे, हे निम्म्या घरांत माहीत नव्हतं. आम्ही गणित इंग्रजीतून शिकवतो, म्हणजे सेमी इंग्रजी, हे सांगितलं की चेहरे थोडे सैल व्हायचे. “सीबीएसई आहे का?” हाही प्रश्न त्या वर्षी जोरात होता, कारण राज्य मंडळाच्या शाळांत पहिलीपासून सीबीएसईच्या धर्तीवर अभ्यासक्रम येणार अशी घोषणा नुकतीच झाली होती. आमच्या चौकातल्या चहावाल्यालाही त्यावर मत होतं.

त्यात हिंदीचं प्रकरण. पहिलीपासून तिसऱ्या भाषेचे शासन निर्णय निघाले, गदारोळ झाला, 29 जूनला सरकारने ते मागे घेतले आणि 5 जुलैला वरळीच्या डोममध्ये विजयी मेळावा झाला. आमच्या विभागातले कितीतरी पालक तिकडे गेले होते. त्यांच्या व्हॉट्सअॅप स्टेटसवर मराठीचा जयजयकार, आणि सोमवारी सकाळी त्यांचं पोर टाय लावून व्हॅनमध्ये. मी हे उपहासाने सांगत नाही. गॅलरीचा हिशेब मी वर लिहिलाच आहे. पण त्या आठवड्यात एका मंडळाच्या कार्यकर्त्याने मला “बाई, मराठी टिकली पाहिजे” असं बजावलं, तेव्हा मी शांतपणे पिशवीतून प्रवेश अर्ज काढला. त्याला एकदम फोन आला.

गरीब घरांचं गणित निराळं. खाजगी विनाअनुदानित शाळांत 25 टक्के जागा आरटीईखाली, म्हणजे त्याच शिक्षण हक्क कायद्याखाली, राखीव असतात, त्यांची लॉटरी निघते. आर्थिक दुर्बल गटात बसायला एक लाखापर्यंतच्या वार्षिक उत्पन्नाचा दाखला लागतो. ज्यांचा नंबर लागतो ते जातात, आणि जावंच. फुकट मिळणारी संधी कुणी का सोडावी? पण प्रतीक्षा यादीत नाव असलेले पालक जुलैपर्यंत ना तिकडचे ना आमचे. 2024 मध्ये राज्य सरकारने नियम बदलला होता: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला आरटीईचे प्रवेश देण्यातून सूट. त्याच वर्षी जुलैत उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. आमच्या स्टाफरूममध्ये त्यावर सरळ दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं, या सवलतीने आपला पट वाचला असता. मला ते पटलं नाही. दुसऱ्याचं दार बंद करून आपल्याकडे आणलेलं मूल किती दिवस टिकणार?

महापालिकेच्या शाळा हे पूर्वी आम्ही स्पर्धेत धरत नव्हतो. आता मुंबई पब्लिक स्कूलच्या नावाने महापालिकेने सीबीएसईच्या शाळा काढल्या आहेत. महापालिकेच्या मुलांना 27 शालोपयोगी वस्तू मोफत मिळतात आणि या शाळांत नर्सरीपासून प्रवेश. आम्ही बालभारतीची पुस्तकं आणि पोषण आहार देतो. छत्री आम्ही देत नाही. एका आजीने छत्रीबद्दलच विचारलं होतं.

पण सगळ्यात मोठा फटका माध्यमाचा नाहीच, जागेचा आहे. गिरण्या गेल्या, 1982 च्या संपानंतर गिरणगाव हळूहळू ओसरला, ते आमच्या आधीच्या पिढीने पाहिलं. आम्ही पुनर्विकास बघतोय. नायगावच्या बीडीडी चाळीत 160 चौरस फुटांच्या खोलीत राहणाऱ्याला 500 चौरस फुटांचं घर मिळणार, चांगलंच आहे. तोपर्यंत संक्रमण शिबिर नाहीतर महिना 25 हजार भाडं. त्या भाड्यात परळला घर मिळतं कुठे? आणि दिव्याला किंवा नालासोपाऱ्याला राहिलं तर त्यातून चार पैसे हातात उरतात. कुटुंब तिकडे गेलं की तिसरीतली ताई आणि पहिलीत येणारा भाऊ, दोघांचेही दाखले एकदम. त्या वर्षी माझ्या वर्गातून अशीच मुलं गेली, एकाही पालकाची तक्रार नव्हती. “घर झालं की परत येऊ बाई,” म्हणत होते. घर होईपर्यंत मूल सातवीत जाईल.

मग आलं कोण? ज्यांची आम्ही यादीच केली नव्हती ते. शाळेसमोरच्या नव्या टॉवरच्या वॉचमनची बायको एका सकाळी मुलीचा हात धरून आपणहून आली. बिहारकडची, मराठी जेमतेम. मी तिला सांगितलं, हिंदी माध्यमाची शाळा पलीकडे आहे, माहीत आहे ना? ती म्हणाली, “उधर जाने के लिए बड़ा रोड क्रॉस करना पड़ता है।” बड़ा रोड म्हणजे डॉ. आंबेडकर रोड. लालबागच्या उड्डाणपुलाखालून सकाळच्या गर्दीत सहा वर्षांचं पोर घेऊन तो ओलांडून बघा, म्हणजे कळेल. तिच्या पाठोपाठ इस्त्रीवाल्याचा मुलगा आला, मग बांधकामावरच्या कानडी कुटुंबाची जुळी. वॉचमनची मुलगी दिवाळीपर्यंत माझ्याशी मालवणी हेल काढून बोलायला लागली. शेजारच्या बाकावरच्या पोरीची संगत, दुसरं काय!

प्रवेश झाला म्हणजे पटावर आलं, असं नाही. ऑनलाइन नोंदणीत आधार जुळलं नाही तर ते मूल संच मान्यतेला धरत नाहीत, मग ते रोज पहिल्या बाकावर का बसेना. आधारवर जन्मतारीख 1 जानेवारी, दाखल्यावर 14 ऑक्टोबर. कुठे वडिलांचं नाव ‘दत्ताराम’, कुठे ‘दत्ता’. जन्म दाखला असल्याशिवाय आधार दुरुस्त होत नाही आणि मुलाचा जन्म झालेला आईच्या माहेरी, खेड तालुक्यात, नोंद ग्रामपंचायतीत. एरवी त्यासाठी कोण सुट्टी काढून जाणार? पण 27 ऑगस्टला गणपती होते. मी वर्गाच्या दारावर यादी लावली: गावी जाताय, येताना दाखला घेऊन या. दोन पालक तर गौरीविसर्जन आटोपल्यावर ग्रामसेवकाच्या घरी जाऊन बसले. येताना दाखला आणला, शिवाय माझ्यासाठी ओल्या नारळाच्या करंज्या. सप्टेंबरचा अख्खा महिना मी शिकवण्यापेक्षा आधार केंद्राच्या रांगेतल्या पालकांना फोन करण्यात जास्त घालवला.

30 सप्टेंबरला पहिली ते पाचवीचा पट 60 च्या थोडा वर राहिला. तीन पदं वाचली. चौथ्या बाई अतिरिक्त ठरल्या आणि उपनगरातल्या एका शाळेत गेल्या. 22 वर्षं याच इमारतीत काढली होती त्यांनी.

त्या रजिस्टरचा शेवटचा रकाना मोठ्या बाईंनी संस्थेच्या सभेत वाचून दाखवला, एकेक ओळ. बरीच घासाघीस झाली, पण येत्या जूनपासून बालवाडी सुरू करायचं नक्की झालं आहे. जागा आहेच, जुन्या ब तुकडीची खोली. बालवाडीच्या ताईंचं मानधन पहिली दोन वर्षं माजी विद्यार्थी देणार आहेत, त्यातला एक आता स्वतः तीन वर्षांच्या मुलीचा बाप आहे आणि त्याच्याकडून अर्ज आम्ही आधी भरून घेतला. वेळ पोळीभाजीच्या कामांच्या हिशेबाने ठेवली आहे, मुलांना अकराला घ्यायचं आणि दोनला सोडायचं. ट्यूशनवाल्या टीचरना भेटून आले. सेमी इंग्रजीची मुलं घ्यायला तयार झाल्या, पन्नास रुपये जास्त घेऊन. व्हॅनवाल्या काकांशी बोलणी अजून चालू आहेत. ते म्हणतात, आठ मुलं जमवा, मग गाडी तुमच्या गेटवरून वळवतो.