अडतीस कोटींचा एक आकडा

आम्ही नववीत होतो. सोलापुरात गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेची, सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी गणिताच्या सरांनी कोडं घातलं. १ ते ९ हे अंक एकेकदाच वापरून नऊ अंकी संख्या करायची. तिच्या पहिल्या दोन अंकांनी बनणाऱ्या संख्येला २ ने, पहिल्या तीन अंकांच्या संख्येला ३ ने, असं करत करत अख्ख्या संख्येला ९ ने निःशेष भाग गेला पाहिजे. "अशी संख्या एकच आहे. शोधून आणा," एवढंच म्हणाले.

आमचं घर शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत. खाली माग, वर आम्ही. वडील चादरी विणायचे. वह्या पुरवून वापराव्या लागत, म्हणून आकडेमोड जॅकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राच्या, बाद झालेल्या भोकाभोकांच्या पुठ्ठ्यांवर. भोकं चुकवत आकडे लिहायचे. भागाकार लांबला की हातचा नेमका भोकापाशी यायचा.

पाचव्या जागी ५, हे लगेच कळलं. दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या, आठव्या जागी सम अंक, म्हणजे उरलेल्या जागी विषम. खरी मजा चौथ्या जागेची. तिच्या आधीचा अंक विषम, म्हणून तिथे ४ किंवा ८ चालतच नाही. १४, ३८ यांना कुठे ४ ने भाग जातो? फक्त २ किंवा ६. आठव्या जागेचंही तेच. मग ४ आणि ८ दुसऱ्या नि सहाव्या जागी गेले. ३ ची कसोटी लावली आणि मधले तीन अंक २५८ किंवा ६५४ एवढेच उरले. ८ ची लावल्यावर सगळ्या मिळून दहा संख्या राहिल्या. लाखो संख्यांचा पसारा एका पुठ्ठ्यावर मावला, तो आनंद मी आजही विसरलेलो नाही.

आता फक्त ७. त्याची सोपी कसोटी आम्हाला ठाऊक नव्हती, दहाही भागाकार करणं भाग होतं. रस्त्यावरून यात्रेचे सात नंदीध्वज, त्या उंच मानाच्या काठ्या, जात होते आणि माझ्या डोक्यात सातचाच पाढा. दहांत ९८७६५४३२१ ही होती. इतकी देखणी, की हीच असणार असं मी धरून चाललो होतो. ९८७६५४३ ला भागलं, बाकी ५!

शाळा उघडली तेव्हा माझ्याकडे दोन उत्तरं होती: ३८१६५४७२९ आणि १८३६५४७२९. सरांनी कुठलंच खोडलं नाही. बाकावर शेजारी बसले, पुठ्ठा माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "१८३६५४७ ला परत भाग बघू." या वेळी बाकी ६ आली. हातचा विसरलो होतो. मग सरांनी फळ्यावर अडतीस कोटी सोळा लाख चोपन्न हजार सातशे एकोणतीस लिहिले, तळहाताने झाकले आणि एकेक अंक उघडत वर्गाकडून भाग घालून घेतला. ३८१६५४७ भागिले ७, ५४५२२१. बाकी शून्य.

दहावीच्या निरोप समारंभाला सरांनी भाषण केलं नाही. फळ्यावर तीच संख्या लिहिली, आमच्याकडे पाहिलं आणि शेवटी एक शून्य वाढवलं. "घ्या, आता दहानेही भाग जातो."