शेवटच्या मिनिटातला जॉन बार्न्स

रविवार, रात्र

आज पुन्हा तीच मॅच लावून बसलो. २६ मे १९८९, लिव्हरपूलचं घरचं मैदान अ‍ॅनफिल्ड, लिव्हरपूल विरुद्ध आर्सेनल. इंग्लंडच्या फुटबॉल लीगचा शेवटचा सामना आणि विजेतेपद याच दोघांत. लिव्हरपूल ७६ गुणांवर, आर्सेनल ७३. आर्सेनलला नुसतं जिंकून भागणार नव्हतं, दोन गोलांनी जिंकायचं होतं. तसं झालं तर गुण सारखे, गोलफरक दोघांचाही ३७, विजय-बरोबरी-पराभवसुद्धा २२-१०-६. मग एकूण गोल कोणाचे जास्त ते बघायचं, आणि तिथे आर्सेनल पुढे. आपल्याकडे नेट रनरेटसाठी लोक कागद-पेन घेऊन बसतात, तसलाच प्रकार.

खरं तर हा सामना एप्रिलमध्येच व्हायचा होता. १५ एप्रिलला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर, स्टँडमध्ये चेंगराचेंगरी झाली, लिव्हरपूलचे पाठीराखे गेले (मृतांचा आकडा पुढे ९७ झाला), म्हणून तो पुढे ढकलला. आर्सेनलचे खेळाडू मैदानात आले तेच फुलांचे गुच्छ घेऊन, आणि ते त्यांनी लिव्हरपूलच्या प्रेक्षकांना दिले.

५२ व्या मिनिटाला पहिला गोल. आर्सेनलच्या विंटरबर्नची फ्री-किक इनडायरेक्ट, म्हणजे चेंडूला आणखी कोणाचा तरी स्पर्श व्हायलाच हवा. त्याचाच साथीदार अ‍ॅलन स्मिथ, त्याच्या डोक्याला तो जेमतेम चाटून गेला. लिव्हरपूलवाल्यांनी पंचांना घेरलं, पंच लाइन्समनकडे गेले, गोल कायम.

०-१ ने हरूनही विजेतेपद लिव्हरपूलचंच होतं. नव्वद मिनिटं संपत आली, लिव्हरपूलचा मॅकमहॉन सगळ्यांना एक बोट दाखवत फिरतोय, एकच मिनिट राहिलंय! आणि चेंडू आर्सेनलच्या कोपऱ्यात, लिव्हरपूलच्या जॉन बार्न्सकडे. तिथेच झेंड्यापाशी चेंडू दाबून वेळ काढायचा, हे शाळकरी पोरालाही सुचेल. बार्न्स मात्र आर्सेनलच्या रिचर्डसनला चकवून आत घुसायला गेला. रिचर्डसनने चेंडू काढून घेतला, गोलकीपर ल्युकिचला दिला. ल्युकिचने हाताने डिक्सनकडे, डिक्सनने लांब स्मिथकडे, स्मिथने मायकल थॉमसकडे. चेंडू लिव्हरपूलच्या निकलच्या अंगाला लागून परत थॉमसच्याच पुढ्यात पडला. लिव्हरपूलचा गोलकीपर ग्रोबेलार पुढे आला, थॉमस थांबला, तो खाली झुकेपर्यंत थांबला, आणि मग मारला. ०-२!

सगळे थॉमसच्या थंड डोक्याचं कौतुक करतात. करावंच. पण बार्न्सला दोष देतात ते मला पटत नाही. १९८४ मध्ये इंग्लंडकडून खेळताना रिओच्या माराकाना मैदानावर ब्राझीलच्या अख्ख्या बचावाला वळसे घालत गोल करणारा हा माणूस. वाट दिसली की घुसायचं, हाच त्याचा पिंड. त्याच पिंडावर लिव्हरपूलने दोन वर्षं सामने काढले होते. शेवटच्या मिनिटापुरता तो कारकून कसा होणार?

शिट्टीनंतर अ‍ॅनफिल्डवरचे लोक थांबले आणि आर्सेनलसाठी टाळ्या वाजवल्या. दीड महिन्यापूर्वी माणसं गमावलेले लोक. तेवढा भाग मी मागे नेऊन परत बघितला.

थॉमस १९९१ मध्ये लिव्हरपूलकडेच आला, पुढच्या वर्षी एफए कपच्या फायनलमध्ये त्यांच्यासाठी गोलही मारला. हिशेब चुकता म्हणायचं का? झोप नाहीच येत, माराकानाचा तो गोल शोधतो आता.