आमची वाटचाल : बिल्ड नेमका कुठे रेंगाळतो?

आमची छोटी फर्म सॉफ्टवेअर कंपन्यांचे बिल्ड सर्व्हर (कोडपासून चालणारा प्रोग्राम बांधणारी मशीन) लावून देते आणि सांभाळते. सुरुवातीला एका डिस्ट्रोवर (डेबियन, फेडोरासारख्या लिनक्सच्या एका प्रकारावर) बिल्ड रेंगाळला की आम्ही सरळ दुसरी डिस्ट्रो टाकायचो. आता तसं करत नाही. दोन्हीकडे काम तेवढंच आहे का, हे आधी तपासतो. बहुतेकदा ते नसतंच.

कर्नलचंच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचंच, घ्या. सोर्स तोच, मशीन तेच. पण डिस्ट्रोची तयार कॉन्फिग (काय काय बांधायचं त्याची यादी) उचलली की हजारो मॉड्यूल (ड्रायव्हरसारखे सुटे भाग) गळ्यात पडतात, वर डीबग माहिती. बीटीएफ (डीबग माहितीचा एक आटोपशीर प्रकार) चालू असेल तर शेवटच्या टप्प्यात ती तयार करणारं पाहोल हे साधन भरपूर रॅम खातं. 'मेक लोकलमॉडकॉन्फिग' ही कमांड दिली की त्या क्षणी लोड असलेलीच मॉड्यूल उरतात. त्यामुळे त्याआधी प्रिंटर, पेनड्राइव्ह, वाय-फाय सगळं जोडून ठेवा, नाहीतर नेमका हवा तो ड्रायव्हर गळतो.

मग प्रोसेसरचे कोअर. निंजा आणि मेक हे बिल्डची कामं चालवणारे प्रोग्राम. निंजा आपणहून सगळे कोअर वापरतो. मेकला सांगितलं नाही तर तो एकावरच चालतो. डेबियनच्या पॅकेज बिल्डमध्ये डेबहेल्पर (पॅकेज बांधायला मदत करणारं साधन) 10 पासून समांतर काम आपोआप होतं. पण आकडा वाढवताना रॅम बघा. जड सी++ फाइलची एक प्रोसेस 1 ते 2 जीबी सहज घेते. 16 कोअर आणि 16 जीबी रॅम असेल तर आम्ही 8 च जॉब लावतो. नाहीतर रॅम संपून सीसी1प्लस (सी++ कंपाइल करणारा प्रोग्राम) मध्येच 'किल्ड' होतो, आणि लोक कोडमध्ये चूक शोधत बसतात. फेडोरात 18 पासून टेंप फोल्डर रॅममध्येच असतं. एलटीओच्या (लिंक करताना सगळ्या प्रोग्रामचं एकत्र ऑप्टिमायझेशन) तात्पुरत्या फाइल तिथे साचल्या की तीही रॅम गेली. अशा वेळी टीएमपीडीआयआर (तात्पुरत्या फाइलची जागा ठरवणारं सेटिंग) डिस्कवर वळवा.

कंपायलर (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) कसा बांधलाय, यानेही फरक पडतो. जीसीसी हा कंपायलर स्वतः बांधणार असाल तर 'मेक प्रोफाइल्डबूटस्ट्रॅप' वापरा. वेळ जास्त जातो, पण तयार होणारा कंपायलर वेगवान असतो. गिटच्या मुख्य शाखेतून घेतला असेल तर कॉन्फिगर करताना चेकिंग 'रिलीज'वर ठेवा. तिथे अंतर्गत तपासण्या मुळातच चालू असतात आणि प्रत्येक फाइल हळू होते.

अल्पाइन या डिस्ट्रोची इमेज लहान म्हणून सगळ्यांना आवडते. पण तिथल्या मसल या सी लायब्ररीचा मेमरी अ‍ॅलोकेटर अनेक थ्रेड एकदम मागायला लागले की अडखळतो, आणि एलएलडीसारखा लिंकर (कंपाइल झालेले तुकडे जोडणारा प्रोग्राम) नेमका तसाच चालतो. म्हणून ग्राहकाला अल्पाइनच हवं असेल तेव्हा त्याच इमेजमध्ये आम्ही लिंकरला एमआयमॅलॉक हा दुसरा मेमरी अ‍ॅलोकेटर प्रीलोड करून देतो.