‘आत’ होते त्यांचं गाव

इंग्लंडमधल्या स्विंडनला राहायला गेले, त्याच आठवड्यात समोरच्या घरातले आजोबा कुंपणावरून म्हणाले, “मी त्रेचाळीस वर्षं आत होतो.” मी चपापले. आपल्याकडे ‘आत’ म्हटलं की एकच जागा आठवते! ते मात्र रेल्वे कारखान्याच्या लांबलचक भिंतीकडे बोट दाखवत होते. १८४३ पासून १९८६ पर्यंत तो कारखाना चालला; इंजिनं आणि डबे तिथे तयार होत. नवरा काय करतो विचारलं की गावात उत्तर एकच असे, आत आहे.

माझे बाबा परळच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर. भोंगा झाला की आई डब्याचं झाकण लावायची. त्यामुळे आजोबा त्यांच्या भोंग्याबद्दल बोलायला लागले की मला घरी बसल्यासारखं वाटायचं.

दर उन्हाळ्यात हे जुने कामगार एका हॉलमध्ये जमायचे. गाव सोडून गेलेली मुलंबाळंही यायची. चार वर्षं चहाच्या टेबलावर मीच होते, म्हणून सांगते, वादाचा विषय ठरलेला असायचा: केक.

‘मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशन’ ही कामगारांची संस्था १८४४ ची. ती दर ऑगस्टला कारखान्याजवळच्या बागेत मुलांची जत्रा भरवी. तिकिटावर चक्रीची एक फेरी आणि अर्ध्या पौंडाचा फ्रूटकेक. पोरं इतकी, की केक टनावारी लागे आणि तो कापायला यंत्र होतं. दुसऱ्या महायुद्धाने ती जत्रा बंद पाडली तेव्हा आजोबा अकरा वर्षांचे होते. “एवढा!” म्हणून ते तळहात दाखवत. शेजारच्या बाई विटेएवढा म्हणत. पुढच्या वर्षी वीट आणखी मोठी होई.

इंजिनांचंही तेच. १९६० साली इथे बांधलेलं ‘इव्हनिंग स्टार’ हे ब्रिटिश रेल्वेचं शेवटचं नवं वाफेचं इंजिन. त्याचा शेवटचा बोल्ट मीच पिळला म्हणणारे मला निदान सहा जण भेटले.

पण सगळे गप्प बसून ऐकायचे ते ‘ट्रिप’बद्दल. जुलैत कारखाना बंद, कामगारांना बायकामुलांसकट रेल्वेचा फुकट प्रवास. १८४९ ला पाचशेच्या आसपास माणसं ऑक्सफर्डला गेली, तिथून सुरुवात. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर पंचवीस हजारांच्या वर माणसं एकदम बाहेर पडत, म्हणजे जवळजवळ अर्धं गाव. गाड्या यार्डातूनच सुटत. फलाट नाही, शिडी लावून चढायचं. त्यातले बरेच जण वेमथच्या समुद्रावर, तिथेही शेजारी तेच! सुट्टी मात्र बिनपगारी. परतल्यावर पगाराचा शुक्रवार कोरडा जाई, आणि त्याला म्हणतही ‘कोरडा शुक्रवार’. उधारीवर मीठ-पीठ आणणाऱ्या आईचं हे वर्णन त्या बाई हसत हसत करायच्या, आणि मला आमच्या चाळीतला महिनाअखेर आठवायचा.

मी परत यायला निघाले त्या वर्षी आजोबांनी कागदी पिशवीत केकचा तुकडा दिला. “वडिलांना दे. तेही आतलेच ना?”

डोंबिवलीला बाबांनी तो हुंगला, चष्मा लावून नीट पाहिला. ट्रिपची सगळी हकिगत ऐकली. मग विचारलं, “पास घरच्यांनाही होता?”

“होता.”

“मग ठीक आहे,” म्हणाले, आणि केकचे चार सारखे तुकडे केले.