३३ इंची टायरसाठी ४.५६ चा क्राऊन-पिनियन: मागचा अ‍ॅक्सल बसला, पुढचा बाकी

गाडी डबल कॅब डिझेल पिकअप, पार्ट-टाइम फोर बाय फोर (पुढची चाकं गरजेपुरतीच जोडायची), मॅन्युअल गिअरबॉक्स. मूळ टायर २४५/७० आर१६, आता २८५/७५ आर१६. दोन्ही अ‍ॅक्सल मुळात ४.१० चे, म्हणजे अ‍ॅक्सलमधल्या मोठ्या चक्राला, क्राऊनला, ४१ दाते आणि त्याला फिरवणाऱ्या छोट्या पिनियनला १०. काम सोलापुरात, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या शेडमध्ये चालू आहे.

आधी हिशेब. जुन्या टायरचा व्यास ७४९ मिमी, नव्याचा ८३४. ४.१० ला ८३४ ने गुणा, ७४९ ने भागा, ४.५६ येतं. ४१ ला ९ दात्यांची जोडी म्हणजे बरोबर हेच. वन-टू-वन गिअरमध्ये (इंजिन आणि प्रॉपेलर शाफ्ट सारख्याच वेगाने फिरतात तो) ताशी ८० ला इंजिन पूर्वी साधारण २३२० आरपीएमवर असायचं, टायर बदलल्यावर २०९० वर उतरलं. हायवेच्या सपाटीला ते चालून जातं. तुळजापूरच्या घाटात मात्र टर्बो भरायच्या आधीच गाडी मरायला लागते, आणि पावसाळ्यात काळ्या रानात गाडी काढताना क्लच जळतो. ४.५६ ने आरपीएम पुन्हा २३२० च्या आसपास येतो.

४.८८ का नाही, हे बरेच जण विचारतात. टायर जड असतो, म्हणून एक पायरी खाली जावं हा युक्तिवाद चूक नाही. पण ३९ ला ८ च्या जोडीत पिनियनला आठच दाते, त्यामुळे पिनियनचं डोकं बारीक आणि एका वेळी कमी दाते भार घेणार. शिवाय पुणे रोडला इंजिन कायम सात टक्के जास्त फिरणार. निम्मं चालणं हायवेचं असेल तर आमचं मत ४.५६. फक्त चिखल आणि दगड असतील तर ४.८८ घ्या. कोणताही सेट मागवण्याआधी जुनी डिफरन्शियल केस (ज्यावर क्राऊन बोल्ट होतो ती) त्या रेशोला चालते का, ते विचारून घ्या. पिनियन बारीक झालं की क्राऊन जाड लागतो, आणि काही अ‍ॅक्सलना ठरावीक रेशोच्या पुढे केसच वेगळी लागते.

स्पीडोमीटर कुठून रीडिंग घेतो तेही बघा. ट्रान्सफर केसवरून (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला वाटणारा डबा) घेत असेल तर टायर बदलल्यावर काटा ८० दाखवताना गाडी खरी ८९ ला असते, आणि ४.५६ बसवलं की ते आपोआप जुळतं. एबीएसच्या व्हील सेन्सरवरून घेत असेल तर गिअर बदलून काहीच फरक पडत नाही, कॅलिब्रेशन वेगळं करावं लागतं.

आता खरं काम. क्राऊन आणि पिनियन जोडीनेच लॅप केलेले, म्हणजे एकमेकांवर घासून जुळवलेले असतात. दोन्हींवर कोरलेला नंबर एकच आहे ना, ते खोकं उघडताच बघा. नसेल तर सेट परत करा. सोबत पिनियनची दोन आणि केसची दोन बेअरिंगं, ऑइल सील, कोलॅप्सिबल स्पेसर (नट आवळताना चेपणारी नळी), नवा पिनियन नट, क्राऊनचे नवे बोल्ट आणि शिमचा (पातळ चकत्यांचा) पूर्ण संच घ्या. स्पेसर दोन घ्या, कारण पुढे सांगतो.

पिनियनच्या डोक्याखालची जुनी शिम मोजून तेवढ्याच जाडीने सुरुवात करायची. पॅटर्न, म्हणजे दात्यांचा एकमेकांवर उमटणारा ठसा, जुळेपर्यंत पिनियन कितीदा तरी आत-बाहेर करावं लागतं, आणि दर वेळी बेअरिंग पुलरने ओढलं तर ते खराब होतं. म्हणून जुन्याच बेअरिंगचं भोक एमरीने किंचित मोठं करून हाताने सरकेल असं सेटअप बेअरिंग बनवा. पॅटर्न पक्का झाल्यावरच नवं बेअरिंग दाबा, आणि ते घणाने नको. तेलात साधारण १०० अंशांपर्यंत तापवलं की सरकन बसतं.

ट्रॅक्टरवाले मेकॅनिक बॅकलॅश (दोन चक्रांच्या दात्यांमधली मोकळी हालचाल) अंगठ्याने ओळखतात. त्यांचा हात खोटा नाही, पण इथे डायल गेज लावाच. आम्ही ०.१५ ते ०.२० मिमीमध्ये ठेवला, क्राऊनवर चार ठिकाणी मोजून. चारही रीडिंगमध्ये ०.०५ पेक्षा जास्त फरक दिसला तर क्राऊन केसवर नीट टेकलेला नाही. बोल्ट काढा, बसण्याच्या जागेवरची बर (धातूची उठलेली कड) ऑइलस्टोनने घासा, मग समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने आवळा.

पॅटर्नसाठी मार्किंग पेस्ट तीन-चार दात्यांना लावा आणि क्राऊनला लाकडाच्या फळीने थोडा अडसर देऊन पिनियन दोन्ही दिशांना फिरवा. ठसा दात्याच्या शेंड्याकडे आला तर पिनियन क्राऊनपासून लांब आहे, शिम वाढवा. मुळाशी आला तर शिम कमी करा. सुरुवातीला ०.१० च्या उड्या, शेवटी ०.०५ मिमी म्हणजे दोन थाऊच्या (इंचाच्या दोन हजारांशाच्या). शिम बदलली की बॅकलॅशही बदलतो, तो पुन्हा जुळवल्याशिवाय ठसा वाचू नका. निम्म्या चुका इथेच होतात.

मग प्रीलोड, म्हणजे पिनियनच्या बेअरिंगवर आधीच दिलेला दाब. स्पेसर चेपायला नटावर ३०० न्यूटन मीटरहून जास्त जोर लागतो. फ्लँजला (पिनियनच्या टोकाची, शाफ्ट जोडायची चकती) भोकं पाडलेली अँगल पट्टी बोल्ट करून ती चॅसिसला टेकवा, लांब पाइप घ्या, आणि चेपायला लागलं की थोडं-थोडं करत पुढे जा. नव्या बेअरिंगला, सील न लावता, फिरवायला १.७ ते २.८ न्यूटन मीटर ही बऱ्याच अ‍ॅक्सलची रेंज. आपल्या मॅन्युअलचा आकडा वेगळा असेल तर तोच धरा. छोटा टॉर्क मीटर नसेल तर १०० मिमी व्यासाच्या फ्लँजला दोरी गुंडाळून स्प्रिंगच्या काट्याने ओढा, सलग फिरताना साडेतीन ते साडेपाच किलो दिसले पाहिजेत. नट जास्त आवळला गेला तर ढिला करून चालत नाही, चेपलेला स्पेसर परत फुगत नाही. दुसरा स्पेसर त्यासाठीच.

तेल जीएल-५ चं ८०डब्ल्यू-९०. पहिली फेरी २५-३० किमी, तीही सावकाश, मग पूर्ण थंड होऊ द्या. ८०० किमीपर्यंत लोड नाही, ट्रेलर नाही, त्यानंतर तेल बदला. थांबल्यावर पिनियनजवळच्या हाउसिंगवर पाण्याचे थेंब टाका. चुर्र झालं तर प्रीलोड जास्त आहे. रेस दिल्यावरच शीळ येत असेल तर ड्राइव्ह बाजूचा (इंजिन ओढताना भार घेणाऱ्या दात्याच्या बाजूचा) ठसा पुन्हा बघा. सलग घरघर असेल तर संशय बेअरिंगवर घ्या.

ब्रीदरची (अ‍ॅक्सलमध्ये हवा आत-बाहेर होण्याच्या भोकाची) नळी बॉनेटपर्यंत वर नेली आहे. तापलेला अ‍ॅक्सल उजनीच्या बॅकवॉटरमध्ये उतरला की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर काळ्या मातीने बुजलेला असेल तर पाणी सीलमधून ओढलं जातं.

पुढचा अ‍ॅक्सल अजून ४.१० च आहे, म्हणून पुढचा प्रॉपेलर शाफ्ट उतरवून ठेवलाय. आपल्याकडे दोन्ही टोकांना फ्लँज असल्याने तो सरळ निघतो. स्लिप योकचा (टोक नुसतं आत सरकवलेला) असेल तर ट्रान्सफर केसमधून तेल गळेल. दोन रेशो वेगळे असताना चुकून फोर बाय फोर टाकलं तर डांबरावर ट्रान्सफर केसची चेन किंवा शाफ्टचा क्रॉस जाणार.

पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असल्याने दोन्ही सीव्ही शाफ्ट (चाकांना फिरवणारे) काढून अख्खी हाउसिंग खाली घ्यावी लागेल. पुढचा सेट मागच्यासारख्याच कटचा (दात्यांच्या वळणाचा) असेल तर पुढे जाताना भार कोस्ट बाजूवर, म्हणजे दात्याच्या ड्राइव्हच्या उलट बाजूवर येतो, त्यामुळे तिथे कोस्टचा ठसा आधी जुळवायचा. रिव्हर्स कट (उलट्या वळणाचा) असेल तर ड्राइव्ह बाजूचा. सेट आला आहे, नंबर जुळतात. सीव्ही शाफ्टचे सील यायचे आहेत.

कागदाचं एकच: मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२, गाडीतल्या बदलांवरचं, टायरलाही लागू शकतं, आणि विम्याच्या क्लेमला प्रश्न येतो तो टायरवरूनच. आत बसवलेला गिअर कुणाला दिसत नाही, चाकाच्या कमानीबाहेर आलेला टायर दिसतो.