पळणं सोडू का?

तुम्ही विचारलंत म्हणून. कोल्हापुरात फिजिओथेरपी करते म्हटल्यावर रंकाळ्यावर, लग्नाच्या पंगतीत, मंडईत, कुठेही गाठून हेच विचारतात : "मॅडम, पळायला लागल्यापासून कंबर धरलीय, खुबापण दुखतोय. बंद करू का?" बहुतेकांना मी सांगते, बंद नको, कमी करा. आणि कंबर चोळून घेत बसण्यापेक्षा खुब्याकडे बघा.

पळताना दोन्ही पाय एकदम जमिनीवर कधीच नसतात. दर पावलाला सगळं अंग एका पायावर उतरतं, तेही वजनाच्या दोन-तीन पट जोरानं. त्या क्षणी कमरेचं हाड आडवं, समपातळीत धरून ठेवायचं काम कुल्ल्याच्या बाजूच्या स्नायूचं, ग्लुटियस मीडियसचं. तो कमी पडला की दुसरी बाजू खाली झुकते आणि तिला सावरायला पाठीचे खालचे स्नायू ताणले जातात. दोन-तीन किलोमीटर ते निभावतात, मग कंबर भरून येते.

मी पहिल्यांदा पेशंटला आरशासमोर एका पायावर उभं करते आणि फक्त ट्रॅकपँटचं इलॅस्टिक बघते. उचललेल्या पायाच्या बाजूला ते तिरकं खाली गेलं, की उभा आहे त्या पायाचा खुबा कच्चा. ट्रेंडेलेनबर्ग या जर्मन सर्जनने 1895 मध्ये मांडलेली ही खूण आहे, आणि तिला मशीन लागत नाही. तालमीतली पोरं इथं हमखास चकित होतात. शेकड्यानं बैठका मारणारा गडी एका पायावर डगमगतो! बैठक दोन पायांवर, सरळ वर-खाली. बाजूच्या स्नायूला तिथं फारसं कामच पडत नाही.

बाकी कारणं नेहमीचीच. पोलीस भरतीची जाहिरात आली की 1600 मीटरसाठी एकदम रोज दुप्पट पळायला लागणं, दिवसभर खुर्चीत बसून संध्याकाळी थेट पळायला सुटणं, उताराच्या रस्त्याच्या एकाच कडेनं रोज पळणं.

व्यायाम मी दोनच देते, कारण जास्त दिले की कुणी करत नाही. भिंतीला पाठ लावून कुशीवर झोपायचं, वरचा पाय सरळ ठेवून टाच भिंतीला घासत वर न्यायची, सावकाश खाली आणायची. भार कुल्ल्याच्या मागच्या-बाजूच्या भागात जाणवला पाहिजे; मांडीच्या पुढे ओढ बसली तर पाय पुढे आलाय. दुसरा, जिन्याच्या पायरीवर एका पायानं उभं राहून दुसरी टाच खालच्या पायरीला हलकीच टेकवायची, गुडघा आत पडू न देता. एकाआड एक दिवस. फरक पडायला दोन-तीन महिने लागतात, आणि हे ऐकून अर्धे लोक बेल्ट घेऊन जातात. जाऊ देत.

पळताना पावलं थोडी आखूड टाका, मिनिटाला पाच-दहा टक्के जास्त. खुब्यावरचा भार कमी होतो. पळून दुखलं तरी सकाळपर्यंत पूर्वीइतकंच असेल तर चालू ठेवा. वाढलं तर अंतर उतरवा. खुब्याच्या बाहेरच्या हाडावर, कुशीवर झोपल्यावर दुखत असेल, तर पायावर पाय टाकून बसू नका आणि तिथं ताणही देऊ नका. ताणल्यानं तिथली कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी, हाडावर दाबली जाऊन आणखी चिडते. झोपताना गुडघ्यांमध्ये उशी घ्या.

आणि एमआरआयमध्ये 'डिस्क बल्ज', म्हणजे मणक्यांमधली गादी थोडी बाहेर फुगलेली, असं लिहून आलं म्हणून घाबरू नका. कंबर कधीच न दुखलेल्यांच्याही फोटोत ते दिसतं. विशीतल्या सुमारे 30 टक्के लोकांमध्ये.

मात्र जांघेत खोल दुखत असेल, त्या पायावर उडी मारवत नसेल, रात्रीही ठणकत असेल, तर पळणं त्याच दिवशी बंद. मांडीच्या हाडाच्या मानेला ताणानं चीर पडलेली असू शकते, साध्या एक्स-रेत ती सुरुवातीला दिसतही नाही, आणि तशीच पळत राहिलात तर हाड मोडून ऑपरेशनची वेळ येते. पायातली ताकद कमी होणं, जांघांच्या मधल्या भागात बधिरपणा, लघवी अडणं किंवा सुटणं, यातलं काही झालं तर माझ्याकडेही येऊ नका, थेट इमर्जन्सीत जा.

भरतीवाल्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला : "मॅडम, पेनकिलर घेऊन मैदान मारलं तर?" जांघेचं दुखणं असेल तर अजिबात नाही. कंबर असेल तर परीक्षेच्या दिवशीचं तुमच्या डॉक्टरांना विचारा, पण रोजच्या सरावाला गोळी नको. कुठं थांबायचं ते मग कळतच नाही.