हशा दोनदा येतो

"घरी एवढा मोठा टीव्ही, मॉलमध्ये गारेगार स्क्रीन, आणि तुम्ही अजून त्या जुन्या टॉकीजला काय जाता?" पुण्याचे पाहुणे हमखास विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

खुर्चीसाठी जात नाही, हे नक्की. काथ्या बाहेर आलाय, आणि बाल्कनीच्या पहिल्या रांगेत कठड्याचा दांडा बरोबर हिरोच्या गळ्यावर येतो.

मी जातो हशा ऐकायला. बेळगावात तो दोनदा येतो.

लहानपणी मराठी पिक्चरला शेजारच्या कानडी मावशी आमच्याबरोबर असायच्या. त्यांचं मराठी बाजारापुरतं. पडद्यावर कुणी कोटी केली की आधी आमची रांग फुटायची. मग मावशी आईला कोपरानं ढोसायच्या, "एनंतान री?" आई निम्म्या मराठीतल्या कानडीत समजावायची आणि मावशी खळखळून हसायच्या. तोवर पडद्यावर बहुतेक कुणीतरी शेवटचे आचके देत असायचं. अशा मावश्या थिएटरभर विखुरलेल्या. राजकुमारच्या कानडी पिक्चरला उलटं. मावशी आधी हसायच्या आणि आई विचारायची, "काय म्हणूलाय गं त्यो?"

सुलोचनाबाई पडद्यावर आल्या की मात्र कुणी कुणाला काही विचारत नसे. दोघींचे पदर एकदमच डोळ्यांना. मागून एखादा निपाणीकडचा सांगायचाच, "आमच्या खडकलाटची हाय!" (खरंच आहे ते, त्या चिकोडी भागातल्या खडकलाटच्या.) १९५६ साली राज्यांची फेरमांडणी झाली आणि आम्ही इकडे राहिलो. त्यावर घरोघरी वाद झाले, अजून होतात. टॉकीजमध्ये भांडणं व्हायची ती खुर्चीच्या हातावर कोपर कुणाचं, यावरून.

एकदा वडिलांच्या ओळखीनं ऑपरेटरच्या केबिनमध्ये शिरायला मिळालं. आत भट्टीसारखं गरम. दोन मशिनं, आणि दिव्यात कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये पेटलेली ती पांढरी ज्योत, नुसत्या डोळ्यांनी बघू नको म्हणून दटावलेली. रीळ २००० फुटांचं, फिल्म धावते मिनिटाला ९० फूट. म्हणजे जेमतेम २२ मिनिटांनी दुसरं मशीन चालू करायचं. खूण म्हणून पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका चमकतो. पहिल्या ठिपक्याला मोटर, सातेक सेकंदांनी दुसऱ्याला बदल. मशिनाच्या खडखडाटात संवाद धड ऐकू येत नव्हते. मी विचारलं, "मग काका, पिक्चर कुठं आलाय ते कसं कळतं?" ते म्हणाले, "लोकांच्या हसण्यावरनं. ह्या रिळात शेवटचं हसणं दोनदा झालं की ठिपका आलाच म्हणून समज."

त्या दिवसापासून मी ठिपका शोधत बसायला लागलो आणि अर्ध्या पिक्चरांच्या गोष्टी मला नीट आठवतच नाहीत.

आता रिळं गेली, ठिपकाही गेला. केबिनमध्ये डबा आहे, बटण दाबलं की झालं. पंखे तेवढे जुनेच. मॉलमधल्या स्क्रीनला लोक हसतात, नाही असं नाही. खरं तिथं सगळे खाली सबटायटल वाचून एकदमच हसतात, आणि पुढचं वाक्य चालू.

गेल्या महिन्यात दुपारच्या खेळाला गेलो होतो. मराठी पिक्चर, माणसं असतील तीस-चाळीस. एक बरा विनोद झाला, आम्ही हसलो. मी मुद्दाम थांबलो. मागच्या रांगेतून कुजबूज आली, मग एक बाई हसली. नात असावी बरोबर, ती म्हणाली, "अज्जी, हळू!"